थावाले नाना

हातात कॅसेट आली की नाना आधी ती पालथी करत, चष्मा कपाळावर चढवून तिचे स्क्रू बघत आणि मगच ती आणणाऱ्या माणसाला ‘बसा’ म्हणत. ओरिजिनल कॅसेटला स्क्रू असतात आणि डुप्लिकेट चिकटवलेली असते, हे त्यांचं शास्त्र होतं. चिकटवलेली निघाली तरी चहा मिळे, पण तो देताना नानांचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा असे. अंबरनाथच्या अलीकडच्याच स्टेशनावर, उल्हासनगरात, साबणापासून शिलाई मशीनपर्यंत जगातल्या कुठल्याही मालाचा जुळा भाऊ मिळत असताना ओरिजिनलचा ध्यास धरून जगणं सोपं नव्हतं. नाना तसे जगत. निदान आम्हा सगळ्यांना तसं वाटत होतं.

नाना फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला नग गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की जगाकडे बघायला तिसरा शब्द त्यांच्यापाशी उरलाच नाही. स्टेशनबाहेरचा वडा पास, त्याच्याबरोबरची चटणी रिजेक्ट. शेजारच्या मुलीला बघायला आलेला मुलगा रिजेक्ट, त्याचे वडील मात्र पास. एकदा मी केलेला उपमा त्यांनी तोंडात घातला, डोळे मिटले आणि सावकाश चावत राहिले. मी घाबरून कसा झालाय म्हणून विचारलं. ‘‘वहिनी, मीठ पास आहे,’’ ते म्हणाले, ‘‘बाकीचं चालू दे.’’

कधीच रिजेक्ट होऊ शकत नाही अशी एकच गोष्ट त्यांच्या आयुष्यात होती, ती म्हणजे बुवांचं गाणं. बुवा कोण हे त्या काळच्या माणसांना सांगायला नको आणि आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही. भावगीतं गाणारा, खांद्यावर उपरणं टाकणारा आणि उतारवयातही केस काळेभोर राखणारा एक तरी बुवा तेव्हा घरोघर रेडिओच्या वर फोटो होऊन बसलेला असे. आमच्या बुवांच्या तीन लाँगप्ले रेकॉर्डी निघाल्या होत्या आणि त्या तिन्ही नानांकडे होत्या. तेवढ्या भांडवलावर त्यांनी अंबरनाथात श्रवण मंडळ काढलं. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मंडळ त्यांच्या घरी जमे, त्याच तीन रेकॉर्डी त्याच क्रमाने ऐके आणि त्यांच्याबद्दल नवे मतभेद करून घरी जाई.

मी लग्न होऊन गिरगावातून अंबरनाथला आले आणि माझ्या बँकेच्या उल्हासनगर शाखेत बदली करून घेतली. आमचे हे मंडळाचे चिटणीस. त्यामुळे हातावरची हळद उतरायच्या आत मला मंडळात हजर करण्यात आलं. सतरंजीवर मंडळी मांडी घालून बसली होती. दुसऱ्या रेकॉर्डीतलं शेवटचं गाणं लागलं. ते मला पाठ होतं, कारण माहेरी शेजारच्यांकडे हीच रेकॉर्ड होती. ‘दारी थांब जरा, मी येतो’ असा त्याचा मुखडा. प्रत्येक कडव्यानंतर तो नीट आला. अगदी शेवटी परत आला तेव्हा मात्र बुवा म्हणाले, ‘दारी था, मी येतो.’ सुई मध्येच एक घर पुढे उडाली होती. मला वाटलं, आता नाना उठून ती मागे घेतील. नाना उठले नाहीत. उलट त्यांचे डोळे मिटले, समोरच्या सगळ्या माना एकदम डोलल्या आणि कुणीतरी ‘वा बुवा’ म्हणालं.

‘‘सुई उडाली वाटतं,’’ मी म्हणाले.

नाना माझ्याकडे वळून अतिशय सौम्यपणे म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही नवीन आहात. सुई नाही उडाली. बुवा उडाले.’’

‘‘पण गिरगावात आमच्या शेजारच्यांच्या रेकॉर्डीवर शेवटीसुद्धा पूर्ण आहे हो.’’

‘‘ती नंतरची कॉपी असणार. तिच्यात ही जागा बुजवलेली आहे. रिजेक्ट.’’

घरी येताना आमचे हे रस्ताभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या ‘था’वर मंडळाने जेवढा विचार केला होता तेवढा पाण्यावर केला असता तर अंबरनाथचे नळ दिवसभर वाहिले असते. नानांचं म्हणणं असं, की इतक्यांदा ‘थांब’ म्हणणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःलाच थांबवत नाही, म्हणून शब्द अर्धा टाकून तो निघतो. आमच्या ह्यांचं म्हणणं, ‘था’ हा नाचातला बोल आहे आणि ते पाऊल उचलल्याचं चिन्ह आहे. पोस्टातले एक वयस्कर सभासद होते, त्यांना तो हिंदीतला ‘था’ वाटे. दार होतं, आता नाही. ‘‘ह्यात सगळा वेदान्त आला,’’ असं म्हणून ते डोळे पुसत. मी कोपऱ्यात बसून शेंगा सोलत असे.

हा वेदान्त अंबरनाथपुरता राहता, पण नानांनी ती रेकॉर्ड उल्हासनगरला, दोन नंबर कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडे, परसूशेठकडे, कॅसेटवर उतरवून घ्यायला नेली. रेकॉर्ड परक्या हातात द्यायची नाही म्हणून गाणी उतरेपर्यंत नाना समोर स्टुलावर बसून राहिले. परसूशेठने एक कॅसेट नानांना दिली आणि नानांची पाठ वळल्यावर तिच्यावरून दुकानासाठी ढीगभर काढल्या. प्रत्येकीवर बुवांचा फोटो आणि ठळक अक्षरांत ‘ओरिजिनल’. वर्षभरात विठ्ठलवाडीपासून वांगणीपर्यंत लग्नाच्या मांडवात, गणपतीत, पूजेला ‘दारी था’ वाजू लागलं. नाना जाब विचारायला गेले तेव्हा बँकेतून सुटून मीही सोबत होते.

परसूशेठ काउंटरवर फडकं मारत थंडपणे म्हणाले, ‘‘नाना, गुस्सा मत करो. बंबई का माल भी रखा था मैंने, पूरा वाला. कोई नहीं लेता, साईं. कस्टमर बोलता है, ओरिजिनल दो, था वाला.’’

नाना भांडायला म्हणून गेले होते ते तिथे सरबत पिऊन परतले. वाटेत एवढंच म्हणाले, ‘‘माणूस चोर आहे, पण कान पास आहेत.’’

कॅसेटपेक्षाही ते गाणं लांबवर नेलं ते माईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने. माई वांगणीकडच्या एका गावातल्या शेतकऱ्याची मुलगी. गाणं शिकलेल्या नव्हत्या, पण आवाज असा मोकळा आणि भरलेला की पदर खोचून गायला लागल्या तर मागच्या गल्लीतली बाई खिडकीत येई. हळदीकुंकू असो, बारसं असो, माईंना आग्रह एकाच गाण्याचा. घर सोडून निघालेल्या माणसाचं हे गाणं डोहाळजेवणात कसं चालतं असं मी एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘अगं बाय, चाल गोड आहे ना? मग झालं.’’ शेवटच्या मुखड्याला शब्द अर्धा सोडताना त्या नेहमी नानांकडे बघत. नाना मान हलवत. त्या एका हलणाऱ्या मानेसाठी माई सगळं गाणं म्हणतात असं मला वाटे. त्यांनी ते महिला मंडळाच्या बायकांना बसवून शिकवलं, त्या बायकांनी आपल्या मुलींना शिकवलं. बदलापूरच्या एका स्पर्धेत माईंच्या चमूने ते म्हटलं, तेव्हा दादरहून आलेले परीक्षक म्हणाले, की शेवटी सगळ्या जणी एकदम शब्द विसरल्या ह्याचं आश्चर्य वाटतं. माईंनी मान खाली घातली. पण नाना प्रेक्षकांतून उठले आणि उभ्या उभ्या असं काही व्याख्यान सुरू केलं, की परीक्षक शेवटी नारळ न घेताच निघून गेले.

असा सगळा सुखाचा संसार चालला असताना बाजारात सीडी आल्या आणि रेकॉर्ड कंपनीला अचानक बुवांची आठवण झाली. तिन्ही रेकॉर्डी एका मखमली पेटीत घालून, वर सोनेरी अक्षरांत ‘डीलक्स आवृत्ती’ लिहून त्या पुन्हा बाहेर काढण्यात आल्या. आवाज म्हणे कॉम्प्युटरवर धुऊन काढला होता. शिवाय ‘आजवर कुणीही न ऐकलेलं’ म्हणून बुवांच्या तालमींचे तुकडे होते. ते आजवर कुणी का ऐकलं नव्हतं हे एकदा ऐकल्यावर लगेच कळे.

पेटी आमच्याकडे पहिल्यांदा आणली ती बेलवलीच्या प्रधान सरांनी. सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत आणि मंडळात इंग्रजी. सीडी प्लेअरही आमच्यात फक्त त्यांच्याकडेच होता. तो आल्यापासून ते गाणं ऐकताना डोळे मिटत नसत, मशीनवरच्या काट्यांकडे बघत बसत. ‘‘नाना, डायनॅमिक रेंज बघा,’’ ते म्हणत, ‘‘तंबोऱ्यावर बसलेली धूळसुद्धा ऐकू येते.’’

‘‘धूळ ऐकायला मी फॅक्टरीत जातो,’’ नाना म्हणत. ‘‘आणि गाणं म्हणजे काय सोलापुरी चादर आहे धुवायला?’’

तरी चर्चा थांबेना. तालमीच्या एका तुकड्यात बुवा खोकतात. तो खोकला सुरात आहे की नाही ह्यावर एक अख्खी बैठक गेली. शेवटी तो काळी चारच्या पट्टीत आहे असं ठरलं. पेटीतल्या पुस्तिकेत डग्ग्यावर ठेवलेल्या हाताचा एक फोटो होता. तो हात बुवांचा की तबलजीचा ह्यावरून दोन सभासदांचं बोलणं बंद झालं. जिथे दोन ओळींच्या मध्ये पूर्वी खरखर असे तिथे आता काहीच नव्हतं. ‘‘बुवा श्वास घेत नाहीत वाटतं आता,’’ असं पोस्टातल्या आजोबांनी हळहळून विचारलं.

पण खरा स्फोट झाला तो दुसऱ्या रेकॉर्डीतल्या शेवटच्या गाण्याने. डीलक्स आवृत्तीत शेवटच्या मुखड्याला बुवा स्वच्छ ‘थांब जरा’ म्हणत होते.

‘‘नाना, जागा पूर्ण आहे,’’ सर भर बैठकीत म्हणाले. ‘‘तुमच्या रेकॉर्डीवर चरा आहे, दुसरं काही नाही.’’

नाना क्षणभर गोरेमोरे झाले. मग म्हणाले, ‘‘कंपनीने ठिगळ लावलंय. वरच्या मुखड्यातला ‘थांब जरा’ कापून खाली चिकटवलाय. तुमच्या त्या मशीनवर करता येतं की नाही हे?’’

करता येतं, हे सरांना कबूल करावं लागलं. झालं, मंडळाचे उभे दोन तुकडे पडले. नानांच्या बाजूचे थावाले आणि सरांच्या बाजूचे थांबवाले. थांबवाले बेलवलीला सरांकडे जमू लागले, थावाले अंबरनाथला. संक्रांतीला तिळगूळ देताना ‘गोड बोला’ म्हणायची सोय राहिली नाही. आमच्या घरात हे थावाले आणि मी थांबवाली. दोन दिवस ह्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला, आणि तोही वाईट.

मला ह्या सगळ्याची गंमत वाटत होती. चरा आहे हे शेंबडं पोरही सांगेल, मग हा इतका हुशार, रोज गेजने माल तपासणारा माणूस एवढा हट्टाला का पेटलाय, असं मी ह्यांना टोचून टोचून विचारी. त्याचं उत्तर मला बँकेत मिळालं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत नाना काउंटरपाशी आले आणि जरा बाहेर येता का म्हणाले. बाहेर रसाच्या गाड्यापाशी आम्ही उभे राहिलो.

‘‘वहिनी, चरा आहे,’’ नाना म्हणाले. ‘‘मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी इन्स्पेक्टर आहे हो, मला दिसणार नाही?’’

मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. माईंनी तोवर असलं यंत्र बघितलेलं नव्हतं. घर झाडताना त्यांनी ती रेकॉर्डही कौतुकाने पदराने पुसली आणि हातातली पाटली तिच्यावरून घसरली. त्यांना ते कळलंही नाही. संध्याकाळी नानांची आई आणि शेजारच्या बायका गाणं ऐकायला बसल्या आणि सुई उडाली. नानांची आई म्हणजे मोठं प्रकरण. स्वतः रत्नागिरीकडच्या शेतकरी घरातल्या, पण मुलगा फॅक्टरीत लागल्यापासून त्यांना आपण साहेबाची आई झालो असं वाटे. सून खेड्यातली म्हणून रोज काही ना काही निघत असे. सुई उडाल्याबरोबर त्यांनी सगळ्यांदेखत सुनेकडे बघितलं. ‘‘कोणी हात लावलान ह्याला?’’ एवढंच म्हणाल्या. माई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक.

‘‘मला दुसरं काही सुचलं नाही,’’ नाना म्हणाले. ‘‘मी म्हटलं, आई, हात कुणी लावला नाही. बुवा असंच म्हणतात तिथे. मोठी जागा आहे ती. आई लगेच शेजारणींना सांगायला लागली, बघा आमच्याकडची रेकॉर्ड. तिथून पुढे मला मागे येताच आलं नाही.’’

‘‘आता सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली, नाना. सांगून टाका की.’’

‘‘आणि काय सांगू? तू गावोगाव गायलीस ती तुझ्याच पाटलीची खूण? तिने किती बायकांना शिकवलंय ते तुम्हाला माहीत आहे. परीक्षकासमोर मी भांडलो, तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता. हे कळलं, वहिनी, तर ती पुन्हा त्या चौकटीला टेकून उभी राहील.’’

रसाचा ग्लास मी तसाच खाली ठेवला. मला त्या माणसाची इतकी माया आली की मी बँकेच्या दारात रडले असते. नानांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, की माईंना डीलक्सपासून दूर ठेवायचं. ते मी केलं. सरांकडे जाहीर श्रवणाचा कार्यक्रम ठरला, त्याच दुपारी मी माईंना पापड लाटायला बोलावलं. कधी न लागणारे एवढे पापड आमच्याकडे त्या वर्षी झाले. ह्यांनी पापडांचं कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही.

पण पापडांनी किती दिवस निभावणार? कंपनीने ठिकठिकाणी बुवांचे सत्कार करायचं ठरवलं आणि अंबरनाथचा सत्कार आमच्या मंडळाकडे आला. दोन्ही तट त्यासाठी एकत्र आले, कारण बुवा एकच होते. औक्षण माई करणार, प्रास्ताविक नाना करणार, सूत्रसंचालन माझ्याकडे. आणि प्रधान सरांनी जाहीर केलं, की ‘था’ की ‘थांब’ हे आपण भर सभेत बुवांनाच विचारणार. मी त्यांच्या घरी जाऊन विनवलं, सर, राहू दे, म्हातारा माणूस आहे. सर म्हणाले, ‘‘वहिनी, सत्य म्हणून काही आहे की नाही?’’ ह्यावर त्यांना खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून मी चहा पिऊन परत आले.

सत्काराला शाळेचा हॉल भरून गेला. बुवा पुतण्याच्या हाताला धरून आले. केस अजून काळेभोर होते, कान मात्र गेले होते. माईंनी नवी कोरी इरकल नेसून त्यांना ओवाळलं, पाया पडल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. नाना प्रास्ताविकाला उभे राहिले. त्यांनी ‘था’चं नावच काढलं नाही. बुवांच्या कीर्तीबद्दल दोन शब्द बोलून ते खाली बसले. थावाले एकमेकांकडे बघू लागले. मग प्रधान सर उठले. त्यांनी ती जागा दोन्ही प्रकारे म्हणून दाखवली, दोन्ही वाईट, आणि विचारलं, ‘‘बुवा, आमच्या नानांचं म्हणणं आहे की शेवटच्या मुखड्याला आपण शब्द मुद्दाम अर्धा सोडलात. अशी जागा गाण्याच्या इतिहासात दुसरी नाही, असं ते गेली कित्येक वर्षं सांगतात. हे खरं आहे का?’’

मी माईक घेऊन बुवांच्या मागेच उभी होते आणि नाना त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते, म्हणून पुढचं आम्हा दोघांनाच ऐकू आलं. बुवा पुतण्याकडे कलून म्हणाले, ‘‘कुठलं गाणं रे?’’ पुतण्या कानात म्हणाला, ‘‘काहीतरी थोर जागा म्हणतायत. हो म्हणा.’’

बुवांनी माईक हातात घेतला. ‘‘आज माझे डोळे भरून आले,’’ ते म्हणाले. ‘‘ती जागा आजवर कुणालाही समजली नव्हती. ती अंबरनाथच्या रसिकांनी ओळखली.’’ मग त्यांनी सांगितलं, की रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी गोदावरीच्या काठी त्यांना एक साधू भेटला, त्याने बोलता बोलता शब्द अर्धा सोडला आणि तो पाण्यात उतरला. त्या साधूची आठवण म्हणून ही जागा. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पोस्टातले आजोबा हुंदके देऊ लागले. कंपनीचा माणूस दोनदा घाम पुसून उठला आणि पुढच्या आवृत्तीत ही जागा मूळ रूपात परत आणण्याचं त्याने वचन दिलं. प्रधान सर मागच्या रांगेकडे वळून म्हणाले, ‘‘मला शंका होतीच.’’

मी माईंकडे बघत होते. त्यांचा चेहरा उजळला होता. लोक मागून वाकून त्यांचं अभिनंदन करत होते आणि त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. जे वाचवायचं होतं ते वाचलं होतं. मी खुशीत नानांना शोधायला गेले, तर ते हॉलच्या मागच्या पायरीवर एकटे बसले होते. फराळाची बशी तशीच बाजूला होती.

‘‘नाना, सुटलात,’’ मी म्हटलं.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘मी खोटं बोललो ते एकीसाठी बोललो, वहिनी. बुवा कुणासाठी बोलले?’’

आतून माईंचा आवाज येत होता. बायकांनी त्यांना ते गाणं म्हणायला लावलं होतं.

त्या दिवसानंतर नानांनी बुवांची रेकॉर्ड लावली नाही. मंडळाचे दोन्ही तट आता थावाले झाले होते, त्यामुळे भांडायला काही उरलं नाही आणि हळूहळू येणंच बंद झालं. नाना निवृत्त झाले. गच्चीवर कुंड्या लावू लागले. पास-रिजेक्ट त्यांच्या तोंडून फारसं येईना. मीच एकदा उपमा घेऊन गेले आणि मुद्दाम विचारलं, तर ‘‘छान आहे’’ म्हणाले. मला ते ऐकून वाईट वाटलं. कोणी ‘दारी था’ची गोष्ट काढली तर नाना उठून झाडांना पाणी घालायला जात. अशीच तीनचार वर्षं गेली आणि एका दुपारी झोपेतच ते गेले. चेष्टा करायला हक्काचा म्हणून मला दुसरा माणूस अंबरनाथात नव्हता. मला फार पोरकं वाटलं.

दिवसकार्य झाल्यावर मी माईंकडे गेले होते. घरात कुणी नव्हतं. मी निघाले तशा त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘सुनंदा, एक विचारू? तुझ्याशी ते बोलत. बुवा एवढे भर सभेत बोलले, ह्यांचंच खरं झालं. मग ह्यांनी गाणं का सोडलं? मी कितीदा विचारलं, नाय सांगितलं. माझं काही चुकलं होतं का?’’

त्यांनी हे विचारलं तेव्हा त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता. मी, गिरगावात वाढलेली, बँकेत आकडे तपासून पोट भरणारी आणि आयुष्यभर ह्या लोकांना हसलेली, एका दमात म्हणाले, ‘‘माई, चुकलं कुठलं? उलट त्यांचं समाधान झालं. मला म्हणाले होते, वहिनी, बुवांच्या तोंडून ऐकलं, आता आणखी काय ऐकायचं राहिलं? आणि घरात तुम्ही गाताच की. तुमच्यापुढे रेकॉर्ड कशाला, म्हणायचे.’’

‘‘असं म्हणाले?’’

‘‘असंच म्हणाले.’’

माईंनी डोळे पुसले. खाली बसल्या आणि हळूच ते गाणं म्हणू लागल्या. कडव्यामागून कडवं गेलं. शेवटचा मुखडा आला तेव्हा त्यांनी सवयीने नानांच्या खुर्चीकडे बघितलं आणि त्या अडखळल्या. मी त्या खुर्चीत जाऊन बसले, मान हलवली आणि त्यांच्याबरोबर म्हटलं, ‘दारी था, मी येतो.’